उंबरटेकचे नळ

मानवी संस्कृतीचा आरंभ अग्नीपासून होत नाही, चाकापासून होत नाही, लिपीपासून तर नाहीच. माणसानं वापरलेलं पाणी ज्या दिवशी आपल्या दारापासून दूर, ठरवलेल्या वाटेनं वाहून नेलं, त्या दिवशी तो सुसंस्कृत झाला. हे वाक्य इतिहासाचा प्राध्यापक अभिमन भदाणे धुळ्यातल्या पोरांना वीसेक वर्षं सांगत आला होता, आणि 'सुसंस्कृत' या शब्दापाशी तो नेहमी जरा थांबत असे, कारण तिथं मागच्या बाकावरची पोरंसुद्धा लिहून घेतात असा त्याचा अनुभव होता. त्या शनिवारी सकाळी तो आपल्या घराच्या उंबऱ्यावर पायजमा पोटऱ्यांपर्यंत वर धरून उभा होता. गल्लीतली गटार तुंबली होती. शेजारच्या तोतारामनं घरावर मजला चढवायला काढला होता, त्याची वाळू हळूहळू घसरत गटारीत जाऊन बसली होती, आणि आता सगळ्या ओळीचं पाणी, त्यात तरंगणारा कोणाच्या तरी घरचा कढीपत्ता आणि एक दात घासायचा ब्रश, असं सगळं अभिमनच्या पायरीशी येऊन शांतपणे उभं होतं. धुळ्याच्या गल्ल्या सरळ रेषेत आखलेल्या आहेत, त्यांना नावांऐवजी नंबर आहेत, आणि या गोष्टीचा अभिमनला पहिल्यापासून एक खाजगी अभिमान होता. सिंधूकाठच्या शहरांचा नकाशा फळ्यावर काढताना तो हमखास म्हणे की आपण काही फार लांब आलेलो नाही. ते खरंच होतं, पण वेगळ्या अर्थानं, असं त्याला आता पायरीवर वाटून गेलं.

"संस्कृती उंबऱ्यापर्यंत आलीय," कुंदाबाई मागून म्हणाली. त्याचं ते वाक्य तिलाही पाठ होतं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं तिनं ते आदरानं ऐकलं होतं. "आधी जाऊन निंबाला सांगून या, गटार मोकळी करून दे म्हणावं. मग जा तुमच्या टेकडीवर."

"आज नको. आज बाई येणारेत."

"बाई दुपारी येणारेत. पाणी आत्ता येतंय."

बाई म्हणजे पुण्याच्या डॉक्टर निजसुरे. जळगावला कसल्याशा परिसंवादासाठी त्या आल्या होत्या आणि तिथून जीपनं एरंडोलवरून उंबरटेकला यायचं त्यांनी कबूल केलं होतं. उंबरटेक हे अभिमनचं गाव, गिरणेच्या काठावर. गावाला लागून एक पांढऱ्या मातीचं टेक, आणि त्या टेकाच्या पोटात तीन हजार वर्षांपूर्वीचं, पक्क्या मोऱ्यांचं एक गाव आहे, असं अभिमनचं म्हणणं. म्हणणं हा शब्द त्याला टोचायचा. बाकीच्या लोकांना प्रबंध असतात, त्याला म्हणणं होतं. बाई आज ते डोळ्यांनी बघणार होत्या आणि संध्याकाळपर्यंत त्याचं म्हणणं तरी राहणार नव्हतं, किंवा तो तरी.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी त्याचा थोरला भाऊ पुना दिसला. डोक्याला उपरणं, धोतर गुडघ्यांवर, आणि खांद्यावर कापसाच्या पोत्यासारखं एक पोतं. पण कापसाच्या पोत्याखाली माणूस एवढा वाकत नाही. पुना पाण्यातून सरळ चालत आला, वहाणांसकट. पायरी चढला, आत आला आणि त्यानं ते पोतं फरशीवर टाकलं. जो आवाज झाला तो अभिमनच्या ओळखीचा होता, आणि म्हणूनच तो त्याला पहिल्या क्षणी ओळखू आला नाही. आपल्याच घरातल्या माणसाला परगावच्या बाजारात बघितल्यावर होतं तसं. खापराचा आवाज, एका खापराचा किणकिणाट नव्हे, तर एका गावाच्या सगळ्या खापरांचा.

"हाई दख," पुना म्हणाला. घामानं त्याचं तोंड चमकत होतं आणि तो लग्नघरातल्या माणसासारखा हसत होता. "तुन्हा करता लई उनू. बठ्ठं टेक साफ करी टाकं. एक बी खापर राहू दिधं नही."

अभिमन पोत्याकडे बघत राहिला. पुनानं सुतळी सोडली आणि ओंजळभर खापरं फरशीवर मांडली. ती धुतलेली होती. धुतलेली म्हणजे अशी, की दिवाळीच्या आधी घरातली पितळ घासतात तशी. कडा गुळगुळीत, अंग लालबुंद, जणू कालच भट्टीतून निघालेली. पुना सांगत होता, आणि ते शब्द अभिमनपर्यंत दुसऱ्या खोलीतून यावेत तसे येत होते: पुण्याची बाई येणार, तिच्या पायात खापर घुसलं तर गावाचं नाव जाईल, म्हणून गावच्या बाया लावल्या, कापूस वेचतात तशा ओळीनं, एक ओळ गावाकडून, एक नदीकडून. "धनसिंग आबा सोता उभा व्हतात. पुढली बाईनं चुकाडं तर मागलीनी उचलाले पाहिजे. तुले तं माहीत शे, आपल्या बाया येचाले बसन्यात म्हंजे बोंडमा कापूस राहत नही." काही पोती नव्या रस्त्याच्या खड्ड्यात भरावाला गेली, ही मात्र चांगली चांगली निवडून ठेवली होती. "त्यासवर काळा डाग व्हतात. तुन्ही वहिनीनी इटना चुराघाई घसं. जायेत नही व्हतात मरेल, पन निंघनात. आते कसं चकचकीत दिखी राहिनं!"

काळे डाग. अभिमन खाली बसला आणि त्यानं एक खापर उचललं. हे त्याला माहीत होतं. टेकाच्या पूर्वेच्या अंगाला, बोरीच्या झुडपाशी, मातीत निम्मं रुतलेलं हे खापर त्यानं मुद्दाम तिथंच ठेवलं होतं, बाईंना दाखवायला. त्याच्यावर काळ्या रेघांनी काढलेली एक हरिणांची ओळ होती, मान मागे वळवून बघणारी. आता त्यावर चार पाय उरले होते. चार बारीक काळे पाय, पळण्याच्या बेतात. वरचं हरीण गेलं होतं. मंदावहिनीचा हात पायांपर्यंत पोचेतो बहुधा दुखायला लागला असावा. त्यानं खापर उलटं करून पाहिलं, जणू हरीण मागच्या बाजूला गेलं असेल. त्याच्या कानात एक बारीक, सलग आवाज सुरू झाला होता, दुपारच्या वेळी ओसाड रानात असतो तसा. त्याला एकदम आठवलं की लहानपणी मंदावहिनी नवीन लग्न होऊन आली तेव्हा त्याची शाळेची पाटी ती अशीच घासून द्यायची. तिच्यावर त्याचा अभ्यास लिहिलेला असे, आणि पाटी काळीभोर, लखलखीत करून ती कौतुकानं त्याच्या हातात ठेवायची, आणि गुरुजींनी मारलं ते त्यानं तिला कधीच सांगितलं नाही.

"बोलत का नही रे?" पुना म्हणाला. "माले वाटनं तू खूश व्हशी."

"झालं ते ठीक झालं," अभिमन म्हणाला. "त्यांनी फार परिश्रम घेतले."

पुनाचं हसू जरा आखडलं. अभिमन पुस्तकी बोलायला लागला की काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वडील गेले तेव्हाही तो स्मशानात 'त्यांचं देहावसान झालं' असं म्हणाला होता. कुंदाबाईनं पोहे आणले. "भाऊजी, घ्या," ती म्हणाली, आणि पोत्याकडे बघून नवऱ्याला, "हे कुठं ठेवू? याचा काही उपयोग आहे का?"

"आता काही नाही," अभिमन म्हणाला. ते खरं होतं. धुतलेल्या, कालवलेल्या, कुठून उचललं ते कोणालाच माहीत नसलेल्या खापराचा जगात काही उपयोग नसतो. पण खरा प्रश्न वेगळाच होता, टेकाच्या कडेतल्या त्या खापरी नळांचा. नळ. पुना, नळ कुठंयत? एवढंच विचारायचं होतं. पुना समोर बसून पोह्यांतले शेंगदाणे निवडून आधी खात होता, विचारलं असतं तर त्यानं एका घासाच्या अवकाशात सांगितलं असतं. अभिमननं विचारलं नाही. जोवर विचारत नाही तोवर नळ जागेवर आहेत, असं काहीतरी त्याच्या मनात चाललं होतं, आणि इतिहासाच्या माणसाला हे शोभत नाही हेही त्याला कळत होतं.

उंबरटेकला निघालेल्या एसटीत तो खिडकीशी बसला. पुना कापसाच्या भावाचं बोलत होता, पुढच्या बाकावरच्या माणसाशी, मग मागच्या. बाहेर कापूस फुटला होता, ओळीच्या ओळी, आणि त्यात वाकलेल्या बाया दिसल्या की अभिमन नजर आत घेत होता. टेकाशी त्याचा संबंध तसा डोक्यावरून सुरू झालेला. उंबरटेकची घरं धाब्याची, सपाट मातीच्या छपराची. आणि पावसाळ्याआधी प्रत्येक घरावर टेकाची पांढरी माती नवी टाकायची ही रीत, कारण ती माती पाणी धरते, गळत नाही. टोपल्याच्या टोपल्या माती लहानपणी त्यानंही वाहिली होती. एम्.ए.ला असताना एका तासाला सरांनी सांगितलं की प्राचीन वस्तीच्या राखेनं, शेणानं, हाडांनी जमीन पांढरी होते, तिला पांढरी म्हणतात, आणि अभिमनच्या अंगावर काटा आला होता. म्हणजे आपण आयुष्यभर एका मेलेल्या गावाखाली झोपलो, त्यांच्या चुलींच्या राखेनं आपल्यावरचा पाऊस अडवला. सुट्टीत घरी गेल्यावर त्यानं वडलांना हे सांगितलं तर वडील म्हणाले, "मंग? चांगली माती शे ना?" तेव्हापासून त्याला ही सवयच लागली होती: आपण थक्क व्हायचं आणि घरच्यांनी होकार द्यायचा.

आणि नळ. पहिला नळ त्याला ओघळीत सुटा सापडला तेव्हा तो नोकरीला नवा लागलेला. खापराचा, हातभर लांब, एक तोंड अरुंद आणि दुसरं रुंद, म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्यात बसावं असं. त्यानं तो छातीशी धरून एसटीनं धुळ्याला आणला, तेव्हा कंडक्टरनं विचारलं होतं, "भाऊ, तबला का?" त्या एका नळावर त्यानं प्रबंध लिहिला. पुण्याला तोंडी परीक्षेत डॉक्टर निजसुरे होत्या. तेव्हाही केस पांढरे होते, आवाज तेव्हाही असाच, औषध मोजून दिल्यासारखा. त्यांनी नळ हातात फिरवून पाहिला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सुटं खापर अफवेसारखं असतं, भदाणे. कोण म्हणालं, कधी म्हणालं, काही सांगता येत नाही. शंभर वर्षांचं असेल, तीन हजारांचं असेल. जागेवर दाखवा. कुठल्या थराखाली आहे ते दाखवा. मी स्वतः येईन." प्रबंध परत आला. धुळ्यात सगळ्यांना कळलं, कारण जाताना त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. कॉलेजात त्याला 'डॉक्टर' म्हणायला लागलेला एक शिपाई होता, त्यानं ते पुढंही चालू ठेवलं, दयेनं की विसरून, हे अभिमनला कधीच कळलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी गिरणेच्या पुरानं टेकाची नदीकडची कड कापली, आणि त्या उभ्या कापात, काळ्या राखेच्या न मोडलेल्या पट्ट्याखाली, तीन नळ एकात एक तोंड घालून, उताराला लागून बसलेले होते. जागेवर. त्यांच्यावरची राख कोणी हलवलेली नव्हती, वर रंगीत खापरं होती, म्हणजे नळ त्यांच्याही आधीचे. अभिमन तिथं चिखलात बसला होता आणि त्याला रडू आलं होतं, आणि त्यानं बोट आत घातलं तर बोटाला बारीक, मऊ गाळ लागला, कोणीतरी शेवटचं हात धुतलेल्या पाण्याचा. फोटो काढला होता. कॉलेजच्या एकाचा कॅमेरा मागून आणला होता. त्या फोटोत पुना कमरेवर हात ठेवून, ऐटीत हसत उभा आहे आणि नळ त्याच्या धोतरामागं आहेत. दुसरा काढेपर्यंत रीळ संपलं. मग त्यानं कापावर माती लिंपली आणि पुनाला बजावलं: भाऊ, जीव गेला तरी हे नळ सांभाळ. बाईंना पत्रं घालत राहिला. बाई आज येत होत्या. सांभाळ म्हणालो होतो, तो स्वतःशी म्हणाला, आणि एसटी पारोळ्याच्या स्टँडात शिरताना त्या शब्दाच्या आधारानं त्याला थोडं बरं वाटलं. खापरं गेली तर गेली. नळ सांभाळ असं आपण स्पष्ट शब्दांत म्हणालो होतो.

गावाच्या वेशीला केळीचे खांब होते. टेकाच्या पायथ्याशी मांडव होता, लाऊडस्पीकर होता, आणि टेक, ज्याच्यावर तो पन्नाशीला येईपर्यंत कधी नीट दोन पावलं सरळ चालला नव्हता, इतकी खापरं, हाडं, शिंपले, ते टेक नुकत्याच केस काढलेल्या डोक्यासारखं पांढरं, गोल, निरुपद्रवी दिसत होतं. सगळीकडे झाडलेलं होतं. खराट्याचे फटकारे एकाच दिशेला. शेणाचा सडा होता. वर जाणाऱ्या पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्यात रंगवलेले दगड मांडले होते, तहसील कचेरीच्या बागेत असतात तसे. माथ्यावर रांगोळी होती. रांगोळीत लिहिलं होतं: सुस्वागतम्. अभिमनला वाटलं आपण हसतोय, पण सरपंच धनसिंग आबा ज्या काळजीनं त्याच्याकडे बघत होते त्यावरून ते हसू नसावं.

"काय प्राध्यापक," आबा म्हणाले, "आवडनं का? गेल्या सालले पालकमंत्री उनात तव्हय बी इतलं करं नही व्हतं."

अभिमननं मान हलवली आणि तो नदीकडच्या कडेला चालत गेला. चालत गेला म्हणजे त्याचे पाय गेले. कड नव्हती. जिथं तो उभा काप होता तिथं रुंद, नीट, ठोकून बसवलेल्या मातीच्या पायऱ्या होत्या, नदीपर्यंत. बाईंना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून. काळ्या राखेचा पट्टा तिसऱ्या पायरीत दोन हात दिसत होता आणि तिथून फावड्यानं तो सगळीकडे कालवलेला होता. त्यानं पायरीवर बसून हात ठेवला. माती ओलसर होती, ताजी. दूर लाऊडस्पीकरवर कोणी तरी 'हॅलो, हॅलो' म्हणत होतं आणि दर वेळी कोणीच उत्तर देत नव्हतं. त्याच्या मागं पुना येऊन उभा राहिला होता.

"भाऊ," अभिमन म्हणाला, "नळ?"

"शेतस ना!" पुना म्हणाला, इतक्या सहज, की अभिमन पायरीवरून उठून उभा राहिला. "सांभाळी ठेयेल शेतस. तूच सांगेल व्हतं ना." आणि तो त्याला हाताला धरून खळ्याकडे घेऊन गेला. खळ्याच्या कोपऱ्यात, लिंबाच्या झाडाशी, नवी विटांची न्हाणी उभी होती. अजून गिलावा ओला होता, दाराला मंदावहिनीचं जुनं लुगडं पडदा म्हणून लावलेलं. "पुण्यानी बाई येई राहिनी, तिले हातपाय धवाले न्हाणी नको का? आम्ही काय, नदीवर जातस. आनं पानी कथा काढो? सिमेंटना पाइप एरंडोलतून आनना पडता. मंग मी म्हनं, आपला नळ शेतस ना. तठे कडवर उघडा पडेल व्हतात, म्हशी उतरतस, एक दिन चुरा व्हई जाता. घरमा ठिवात तं पोरं फोडतीन. कामले लाई दिधात. कामनी वस्तू कोन फोडस?" तो खाली वाकला आणि न्हाणीच्या मागं जमिनीतून लिंबाच्या आळ्याकडे जाणाऱ्या एका लाल तोंडाकडे त्यानं बोट केलं. "एकना काठ जरासा उडना. बसत नही व्हता. पन सिमेंट लाई दिधं."

अभिमनला आपल्याला काय होतंय ते नीट कळलं नाही. राग येईल अशी त्यानं वाट पाहिली. रागाऐवजी एक मोठी, स्वच्छ झाडलेली जागा आली, बाहेरच्या टेकासारखीच. तीन नळ, ज्यांच्या फटींत तो दोन वर्षं रोज रात्री झोपण्याआधी मनानं बोट घालून यायचा, ज्यांच्या जोरावर त्यानं कॉलेजातल्या चहाच्या टेबलावर मान पुन्हा ताठ केली होती. त्यांच्या सांध्याला राखाडी सिमेंट होतं, आणि सिमेंटवर पुनाच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, अगदी ठळक. तीन हजार वर्षांनी कोणाला सापडला तर चांगलाच पुरावा, त्याच्या मनात आलं. आणि ज्यानं ते मनात आणलं तो माणूस आपणच आहोत याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"चांगलं केलं," तो म्हणाला. "सिमेंट कुठलं?"

जीप आली तेव्हा बँड नव्हता, एवढंच. डॉक्टर निजसुरे उतरल्या. उन्हाची टोपी, खांद्याला कापडी पिशवी. आबांनी हार घातला, बायांनी ओवाळलं, त्यांनी सगळं सोसलं. त्यांची नजर हारांवरून टेकावर गेली आणि तिथं क्षणभर अडकली. मग त्या म्हणाल्या, "भदाणे, आधी जरा हात-तोंड धुते. धूळ फार." पुनानं न्हाणीचा पडदा बाजूला केला. अभिमन मागच्या बाजूला, लिंबाच्या आळ्याशी गेला आणि उभा राहिला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. आत तांब्या बादलीवर वाजला. पाणी पडल्याचा आवाज आला. मग काही नाही. आणि त्या 'काही नाही'मध्ये अभिमननं, ज्याचं आयुष्य एवढ्यात संपलं होतं त्या माणसानं, श्वास रोखून धरला. कारण एखादा सांधा आडवा बसला असता तर पाणी तिथंच तुंबलं असतं. तीन हजार वर्षांत या नळांतून पाणी गेलेलं नव्हतं. मग लाल तोंडाशी आधी एक मुंगळा बाहेर आला, घाईघाईत, आणि त्याच्यामागून पाणी. थोडं गढूळ, मग साबणाच्या फेसासकट, पांढरं, बारीक आवाज करत लिंबाच्या मुळांकडे. त्याला वाटलं कोणीतरी फार जुनं माणूस आपलं बोलणं मध्येच तोडून गेलं होतं आणि आता ते पुढलं वाक्य बोललं. पुरावा म्हणून याची किंमत शून्य होती.

बाई टेकावर चढल्या, रांगोळीला वळसा घालून. त्यांच्यामागं अभिमन, आबा, पुना आणि बहुतेक गाव. त्या चालत होत्या आणि दर चार पावलांवर खाली बघून थांबत होत्या. "भदाणे," त्या शेवटी म्हणाल्या, "मी पुष्कळ पांढऱ्या पाहिल्यात. इतकी रिकामी एकही पाहिली नाही. इथं तर शिंपल्याचा तुकडासुद्धा नाही."

"एक बी नही, बाई," मागून मंदावहिनी अभिमानानं म्हणाली.

"ते नळ कुठंयत? तुम्ही लिहिलं होतं, जागेवर आहेत."

आता सगळे त्याच्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर एक वाक्य पुरलं असतं: माझ्या भावानं काढले. बाईंना ते पटलं असतं. त्यांनी असली वाक्यं देशभर ऐकली असणार. मग आबा पुनाकडे वळले असते, गावानं पुनाला वर्षानुवर्षं तेच ऐकवलं असतं, की तुन्ही न्हाणीपायी भाऊनं नाव बुडनं. आणि अभिमनचा शब्द मात्र खरा ठरला असता, निदान एका माणसाजवळ तरी. त्यानं पुनाकडे पाहिलं. पुना त्याला डोळ्यांनी खुणावत होता, सांग ना, सांग ना, पोराचं भाषण ऐकायला बसलेल्या बापासारखा.

"नव्हतेच, बाई," अभिमन म्हणाला. "माझीच समजूत चुकली. पुराच्या वेळी काहीतरी पाहिलं, आणि... नव्हतेच ते."

"खोटं काबर बोलस रे?" पुना म्हणाला. तो दुखावला गेला होता. इतक्या लोकांत भावानं स्वतःला खोटं पाडावं हे त्याला पाहवेना. "बाई, शेतस नळ! हाऊ लाजी राहिना. चला, मी दखाडस. तुम्ही आतेच त्यासमा पानी टाकं!"

मग सगळा गाव पुन्हा खळ्यात. बाई लिंबाच्या आळ्याशी उकिडव्या बसल्या, टोपी मागं सारली, आणि बराच वेळ त्यांनी नुसतं पाहिलं. पिशवीतून छोटा ब्रश काढून एका सांध्यावरची माती झटकली. सिमेंट आलं. ब्रश थांबला. त्यांचा चेहरा अभिमनला बाजूनं दिसत होता आणि पहिल्यांदाच त्या चेहऱ्यावर त्याला आपलं काहीतरी दिसलं. सकाळी फरशीवर पोतं पडलं तेव्हा आपलाही असाच झाला असावा. त्यांना कळलं होतं. हे नळ काय आहेत ते त्यांना कळलं होतं, हे एका दृष्टीनं सगळ्यात वाईट झालं. त्यांनी विचारलं, कुठून काढले. पुनानं पायऱ्यांकडे हात केला. किती खोल? पुनानं आधी कमरेला हात लावला, मग छातीला, मग म्हणाला, "इतलं ध्यान कोन ठेवस?" काळ्या राखेच्या वर की खाली? पुनानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "राख तं बठ्ठीकडेच व्हती, बाई."

"उतार चांगला दिलाय," बाई उठत म्हणाल्या. हे त्या कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

"बाई," अभिमन म्हणाला. त्याचा आवाज त्याला परका वाटला. "याची काहीतरी नोंद..."

"वापरातली वस्तू आम्ही नोंदवत नाही, भदाणे. नाही तर मला देशातले निम्मे पाटे-वरवंटे नोंदवावे लागतील." त्यांनी ब्रश पिशवीत टाकला. मग जरा हळू, जवळजवळ माणसासारख्या आवाजात, "जागेवर असते तर मीच खोदायला आले असते. माझी निवृत्ती मार्चमध्ये आहे." आणि त्या जेवायला बसल्या. भरीत त्यांना तिखट लागलं, पण त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि जाताना मंदावहिनीला म्हणाल्या की न्हाणी फार सोयीची आहे. गावात हे वाक्य नंतर बरंच चाललं.

जीपची धूळ बसली. मांडवाचे बांबू सोडायला माणसं लागली होती. "काय म्हनी बाई?" पुनानं विचारलं, जपून. "पास व्हयना का तू?"

अभिमननं त्याच्याकडे पाहिलं. साठीला आलेला माणूस, अंगठ्याच्या नखात सिमेंट.

"व्हयनू," तो म्हणाला.

"मंग!" पुना म्हणाला, आणि त्यानं भावाच्या पाठीवर असा हात मारला की अभिमनची टोपी पडली. "मी तं मंदाले आधीच सांगं व्हतं. चल, एक बादली टाकीसन दखूत. लिंबाले बी पानी व्हई."

परतीच्या एसटीत त्याला झोप लागली, आणि स्वप्नबिप्न काही पडलं नाही. धुळ्याला गल्लीच्या तोंडाशी उतरला तेव्हा दिवेलागण होत होती. पाणी सकाळपेक्षा दोन बोटं चढलं होतं; तोतारामच्या घरापासून आपल्या पायरीपर्यंत ते एका सपाट, काळ्या तुकड्यासारखं पसरलेलं होतं आणि त्यात खिडक्यांचे दिवे पडले होते. वहाणा काढाव्यात म्हणून तो वाकला, तर पाण्यात पायरीपर्यंत एक वाट केलेली दिसली: पोतंभर खापरं, नीट रचलेली, पाण्याच्या वर बोटभर डोकं काढून, लाल आणि चकचकीत. कुंदाबाई काही वाया जाऊ देत नसे. त्यानं पहिल्या खापरावर पाय ठेवला, हललं नाही. दुसऱ्यावर. मध्ये कुठंतरी ते हरिणाचे पाय असणार, पण अंधारात ते शोधायला तो थांबला नाही. पायरीवर पोचल्यावर त्यानं वहाणा तपासल्या. कोरड्या होत्या.

"झालं का काम?" कुंदाबाईनं आतून विचारलं.

"झालं," तो म्हणाला. "निंबाला सांगितलंस?"

"आला होता. वाळू फार आहे म्हणाला." तिनं पोळी तव्यावर टाकली. "उद्या रविवार. सोमवारी येईल."